ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचंय? शेवटच्या डेस्कपासून कॉन्सर्टमास्टरच्या खुर्चीपर्यंत, सगळं सविस्तर

व्हायोलिन बऱ्यापैकी येतं, दोन-तीन कॉन्चेर्तो (ऑर्केस्ट्रासोबत एकट्या वाद्यासाठीच्या मोठ्या रचना) वाजवून झालेत, आता ऑर्केस्ट्रात नोकरी करायचीये तर नक्की काय करू, असे मेसेज मला सारखे येतात आणि दर वेळी तेच तुकड्यातुकड्यात लिहून कंटाळा आलाय, म्हणून एकदाच बसून सगळं लिहितेय. मी सोळा वर्षं सेक्शनमध्ये, म्हणजे एकत्र वाजवणाऱ्या व्हायोलिनवाल्यांच्या गटात आहे, त्यातली पहिली सहा अगदी शेवटच्या डेस्कवर गेली, आणि आता असिस्टंट कॉन्सर्टमास्टर म्हणून पुढे बसते, म्हणजे कॉन्सर्टमास्टर आजारी पडला की त्याच्या खुर्चीत मी. दोन्ही टोकांकडून ही नोकरी बघून झालीये. लेख लांब होणारे, सवडीने वाचा.

आधी ही नोकरी काय आहे ते

पूर्ण आकाराच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात फर्स्ट व्हायोलिन साधारण 16 आणि सेकंड 14 असतात. दोघांत एक स्टँड, त्या जोडीला डेस्क म्हणायचं. प्रेक्षकांच्या बाजूला बसतो तो आउटसाइड, दुसरा इनसाइड, आणि पानं उलटायचं काम कायम इनसाइडवाल्याचं. पहिल्या डेस्कवर बाहेरच्या खुर्चीत कॉन्सर्टमास्टर, ज्याला ब्रिटनमध्ये लीडर म्हणतात.

लोकांना वाटतं की कॉन्सर्टमास्टर म्हणजे सगळ्यात भारी वाजवणारा म्हणून पुढे बसवलेला माणूस, कंडक्टर येऊन त्याच्याशी हात मिळवतो वगैरे. ते अर्धंच खरंय. पूर्वी हातात छडी घेऊन उभा राहणारा वेगळा माणूस नसायचाच, व्हायोलिनवाला नाहीतर कीबोर्डवाला सगळ्यांना सांभाळून न्यायचा. पॅरिसमध्ये 1828 पासून हाबेनेक नावाचा व्हायोलिनवादक बेथोवनच्या सिम्फनी बसवायचा तेव्हा त्याच्या हातात व्हायोलिनचा बो (गज) असायचा आणि समोर पूर्ण स्कोअरसुद्धा (सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी) नाही, फक्त फर्स्ट व्हायोलिनचा पार्ट. पुढे कंडक्टर हे वेगळं काम झालं, पण छडी हलली की तीस बो नेमके कुठल्या क्षणी तारेला लागणार हे आजही बरंचसं पहिल्या खुर्चीतल्या माणसाच्या खांद्यावरून ठरतं. थोडक्यात, तुमच्या मागे बसलेल्याला तुम्ही वाचता आलात पाहिजे, आणि तुम्हाला पुढचा वाचता आला पाहिजे. बाकीची सगळी तयारी याच्याच भोवती फिरते, आणि गंमत म्हणजे हीच गोष्ट सोलो शिकताना कुणी शिकवत नाही.

पायरी 1: पाया, म्हणजे कंटाळवाणं काम

बहुतेक जण पाच ते आठ या वयात सुरुवात करतात. बारा-तेराला सुरू करून पोचलेलेही मी बघितलेत पण थोडेच, उगाच गोड बोलत नाही. क्रॉयत्सरचे 42, रोडचे 24, मग डोन्ट, या एत्यूड्स, म्हणजे तंत्राच्या सरावासाठीच्या छोट्या रचना, तुम्ही केल्या असतीलच, नसतील तर आधी तिकडे जा. कॉन्झर्वेटरीत (संगीत महाविद्यालयात) पदवी आणि त्यावर मास्टर्स मिळून पाच-सहा वर्षं जातात. तिथे शिक्षक निवडताना त्यांनी स्वतः ऑर्केस्ट्रात काढलेली वर्षं किती हे जरूर विचारा, कारण स्पर्धा जिंकायला शिकवणारा आणि नोकरी मिळवून देणारा शिक्षक एकच असेल असं नाही.

सोलोमध्ये तुम्हाला हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत एकट्याने पोचायचं असतं. सेक्शनमध्ये सोळातला एक व्हायचंय. त्यामुळे रियाजात तीन गोष्टी घाला. एक, बोच्या टोकाजवळ अगदी हळू पण भरीव आवाज, नुसती हवा नको. दोन, स्पिकाटो (तारेवर बो उडवत वाजवणं) तीन-चार वेगवेगळ्या लयींत, कारण बो उडतो त्याच लयीत वाजवायची सवय लागली की संपलं, लय कंडक्टर ठरवणार, तुमचा बो नाही. तीन, व्हिब्राटो (बोट हलवून स्वर कंपवणं) बंद करूनही सुरात वाजवता येणं.

आणि लय. ऑडिशनमध्ये माणसं बेसूर वाजवून जितकी बाहेर पडतात त्यापेक्षा लय पळवून जास्त पडतात, निदान मी पडद्यामागे निवड कमिटीत बसून जे ऐकलंय त्यावरून तरी. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) प्रत्येक मात्रेला लावून वाजवणं सोपंय, तो तुमचं काम करतो. तो फक्त ऑफ-बीटवर, म्हणजे दोन मात्रांच्या मधोमध लावा, नाहीतर दोन बारमध्ये (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) एकदाच टिक होईल असा लावा आणि बघा समेवर भेटताय का. पहिल्या आठवड्यात स्वतःचाच राग येईल.

क्वार्टेट (दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो) वाजवा, आणि त्यात सेकंड व्हायोलिनच्या खुर्चीत बसाच. वरची धून दुसऱ्याकडे असताना आतली लय हलवत ठेवायची, कधी पुढे यायचं आणि कधी नाहीसं व्हायचं, हे तिथे कळतं. बर्लिन फिलहार्मोनिक 1882 ची, तिथे पहिली महिला कॉन्सर्टमास्टर 2023 मध्ये झाली, विनेता सारेइका-फ्योल्कनर, आणि ती आधी कितीतरी वर्षं आर्टेमिस क्वार्टेटची पहिली व्हायोलिन होती. हा रस्ता आडवळणाचा वाटतो पण अजिबात नाहीये.

यूथ ऑर्केस्ट्रा आणि अकॅडमी यांना वयाची मर्यादा असते, म्हणून उशीर करू नका. युरोपियन युनियन यूथ ऑर्केस्ट्रा, गुस्टाव माहलर यूथ ऑर्केस्ट्रा, उन्हाळ्यातलं टँगलवुड (बॉस्टन सिम्फनीचं उन्हाळी केंद्र), बर्लिन फिलहार्मोनिकची 1972 मध्ये सुरू झालेली कारायान अकॅडमी, मायामीची न्यू वर्ल्ड सिम्फनी, हे सगळे शिक्षण आणि नोकरी यांच्या मधले पूल आहेत. अकॅडमीत तुम्ही खऱ्या सेक्शनमध्ये बसून वाजवता आणि शेजारचा वीस वर्षांचा अनुभवी माणूस कोपराने ढोसून सांगतो की इथे नको, थांब. त्या ढोसण्याची किंमत नंतर कळते.

पायरी 2: एक्सर्प्ट्स

एक्सर्प्ट म्हणजे ऑर्केस्ट्राच्या रचनांमधले ठरावीक अवघड तुकडे, जे ऑडिशनला एकट्याने वाजवायचे. जगभरात यादी बरीचशी तीच असते. श्ट्राउसच्या डॉन हुआनचं पहिलं पान, शुमानच्या दुसऱ्या सिम्फनीचा स्केर्त्सो (वेगवान, खेळकर भाग), मेंडेल्सनच्या मिडसमर नाइट्स ड्रीमचा स्केर्त्सो, मोत्सार्टच्या 39 आणि 41 नंबरच्या सिम्फनी, बेथोवनच्या नवव्या सिम्फनीची संथ मूव्हमेंट (रचनेचा एक भाग), ब्राम्सच्या सिम्फनी, प्रोकोफिएवची क्लासिकल सिम्फनी. सेकंड व्हायोलिनसाठी स्मेतानाच्या बार्टर्ड ब्राइड ओव्हर्चरमधली ती धावपळ हमखास. सोलोसाठी मोत्सार्टचा 3, 4 किंवा 5 नंबरचा कॉन्चेर्तो जवळजवळ सगळीकडे, वर एखादा मोठा रोमँटिक कॉन्चेर्तो, आणि बऱ्याच ठिकाणी सोलो बाख.

प्रत्येक तुकड्यातून कमिटीला वेगळं काहीतरी ऐकायचं असतं. शुमानमध्ये सोळाव्यांची (एका मात्रेत चार स्वर) न थांबणारी माळ एकसारखी राहते का, मेंडेल्सनमध्ये हळू आवाजात बो उडतो का, बेथोवनमध्ये लांब ओळीत बो बदलल्याचं ऐकू येतं का. मोत्सार्टमध्ये लपायला जागाच नसते, सूर, लय, शैली सगळं उघडं पडतं.

डॉन हुआनचं पान जरा जवळून बघू कारण ते सगळीकडे भेटतं. पहिलीच ओळ वर झेपावते आणि प्रत्येक जण तिथे पळतो, कारण अंगात जोर आलेला असतो. मी विद्यार्थ्यांना सांगते की सुरू करायच्या आधी मनात दोन पूर्ण बार ऐका, पितळी वाद्यांसकट, आणि मगच बो उचला. मग त्या पानात ट्रिपलेट (एका मात्रेत तीन समान स्वर), सोळावे आणि डॉटेड ताल (एक लांब, एक आखूड स्वर) एकामागून एक येतात. डॉटेड ताल ट्रिपलेटसारखा सैल झाला की कमिटीतली पेन्सिल हललीच म्हणून समजा. उपाय असा: आधी ते पान व्हायोलिन खाली ठेवून टाळीवर म्हणा, नुसता ताल. मग एकाच स्वरावर बोने वाजवा, डावा हात नाही. मग अर्ध्या लयीत सगळे स्वर. मग पूर्ण लय, पण रेकॉर्डर चालू ठेवून, आणि दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने ऐका, त्याच दिवशी ऐकलं तर आपण स्वतःला माफ करतो.

आणि फक्त व्हायोलिनचा पार्ट घोकू नका. पूर्ण रचना चार-पाच वेगळ्या ऑर्केस्ट्रांची ऐका आणि स्कोअर समोर ठेवून ऐका. तुमच्या त्या आठ बारांखाली क्लॅरिनेट काय करतंय हे माहीत असलेला माणूस वेगळा वाजतो, कसं ते सांगता येत नाही पण पडद्याआडूनही कळतं.

पायरी 3: ऑडिशन

जागा निघते, जाहिरात येते, तुम्ही अर्ज आणि अनुभवाची माहिती पाठवता, कधी रेकॉर्डिंगही मागतात. रेकॉर्डिंग करताना एडिट करू नका, एका टेकमध्ये करा आणि मायक्रोफोन तोंडाशी नको, जरा लांब ठेवा.

अमेरिकेत पडद्याआड ऑडिशन होतात. बॉस्टन सिम्फनीने 1952 मध्ये पडदा लावला, बाकीच्यांनी बहुतेक सत्तर-ऐंशीच्या दशकात. तुम्हाला नंबर मिळतो, पडद्याकडे जाण्याच्या वाटेवर गालिचा असतो म्हणजे बुटांच्या आवाजावरून बाई की पुरुष हे कळू नये, बोलायचं नाही, काही विचारायचं असेल तर सोबतच्या माणसाच्या कानात सांगायचं आणि तो मोठ्याने विचारतो. जर्मनीत सहसा पहिल्याच फेरीत पियानोवाल्याबरोबर मोत्सार्ट असतो आणि ऑर्केस्ट्राचे लोक मतदान करतात. ब्रिटनमध्ये ऑडिशन चांगली झाली तर ट्रायलवर बोलावतात, म्हणजे वेगवेगळ्या कार्यक्रमांना ऑर्केस्ट्रासोबत बसवून बघतात आणि हे कधीकधी महिनोन् महिने चालतं, मन घट्ट लागतं.

त्या दिवसाचं सांगते. पहिली फेरी पाच ते दहा मिनिटांची. त्यासाठी तुम्ही सहा महिने घालवलेले असतात आणि दोन तास वाट बघत बसता. म्हणून रियाज असा करा की वीस मिनिटं काहीही न वाजवता बसायचं, मग उठून थंड हाताने थेट डॉन हुआन. दुसरा प्रयत्न नाही. मित्रांना पडद्याआड बसवून, नाहीतर दाराबाहेर उभं करून, दहा-बारा वेळा खोटी ऑडिशन द्या, यादीतला क्रम त्यांना ऐन वेळी ठरवू द्या.

माझी तिसरी ऑडिशन. वॉर्म-अप रूममध्ये शेजारच्या खोलीतला मुलगा तोच शुमान माझ्यापेक्षा वेगात वाजवत होता, भिंतीतून सगळं ऐकू येत होतं, आणि मी मूर्खासारखी माझी लय तिथल्या तिथे वाढवली. आत गेले, पहिल्या चार ओळी मस्त, पाचव्या ओळीत बो तारेवर अडखळायला लागला, आणि पडद्यामागून सभ्य आवाजात थँक यू आलं. तो मुलगाही त्याच फेरीत बाहेर पडला हे नंतर कळलं. तेव्हापासून वॉर्म-अप रूममध्ये कानात बोळे आणि फक्त स्केल, एक्सर्प्टला हात लावत नाही.

थरथर सगळ्यांनाच होते. बीटा-ब्लॉकर (धडधड कमी करणारी गोळी) घेणारे वादक बरेच आहेत आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण ते औषध आहे, दमा असेल किंवा रक्तदाब कमी असेल तर अंगाशी येऊ शकतं, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही आणि पहिल्यांदा ऑडिशनच्या दिवशी तर नाहीच नाही.

नकार येत राहतील, पंधरा-वीस ऑडिशन्सनंतर नोकरी लागलेले माझ्या आजूबाजूला कितीतरी बसलेत. काही ठिकाणी मागितले तर कमिटीचे शेरे मिळतात, मागा. मधल्या काळात फ्रीलान्स करा, एक्स्ट्रा (गरजेपुरता बोलावलेला वादक) म्हणून यादीत नाव लावा. तिथे एकच नियम आहे, फोन लगेच उचला, वेळेआधी पोचा, आणि पार्ट आधी बघून या. एक्स्ट्रा म्हणून आलेला माणूस पहिल्या रिहर्सलला सगळ्यात जोरात वाजवत असेल तर त्याला परत फोन जात नाही.

पायरी 4: निवड झाली, आता प्रोबेशन

ही खरी ऑडिशन. एक-दोन वर्षं तुमच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. बर्लिनमध्ये प्रोबेशननंतर ऑर्केस्ट्रा स्वतः मत देतो आणि तिथे मुख्य कंडक्टर कारायानचंही चाललं नव्हतं. क्लॅरिनेटवादक झाबीने मायर त्याला हवी होती, ऑर्केस्ट्राने 73 विरुद्ध 4 मतांनी नाही म्हटलं, कारण सांगितलं की तिचा आवाज सेक्शनमध्ये मिसळत नाही. खरं कारण तेच होतं का यावर लोक अजून भांडतात, पण मिसळणं या शब्दाला या धंद्यात केवढं वजन आहे ते बघा.

मागच्या डेस्कवरचं सगळ्यात मोठं गुपित म्हणजे कानावर वाजवू नका, डोळ्यांवर वाजवा. पहिल्या डेस्कपासून आठव्या डेस्कपर्यंत दहाएक मीटर अंतर होतं, आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे पुढचा आवाज तुमच्यापर्यंत यायलाच सेकंदाचा तिसावा भाग गेला, तो ऐकून वाजवाल तर तुमचा आवाज हॉलमध्ये त्याहून उशिरा पोचणार. म्हणून पुढच्यांचे बो बघायचे, कॉन्सर्टमास्टरचा खांदा बघायचा, कंडक्टर नजरेच्या वरच्या कडेत. पार्ट बऱ्यापैकी पाठ असल्याशिवाय हे जमत नाही. मला पहिल्या सीझनला दोन महिने लागले, तोवर मी सतत एक केसभर मागे होते आणि शेजारच्या काकांनी एक दिवस स्टँड माझ्या नाकापासून वर उचलून ठेवला, काही न बोलता, म्हणजे मान वर राहील.

बाकीचे अलिखित नियम भराभर सांगते. पुढच्यापेक्षा आधी कधीच वाजवू नका, चुकून शांततेत एकटीचा स्वर आला तर तो जन्मभर लक्षात ठेवतात. बोचा जो भाग पुढचे वापरतात तोच तुम्ही वापरा, ते टोकाला असताना तुम्ही मुठीजवळ असलात तर आवाज नंतर, आधी डोळ्यांनाच खटकतं. दोन ओळींत स्वर विभागले असतील तर वरचा आउटसाइडचा, खालचा इनसाइडचा. बोटांचे आकडे आउटसाइडवाला स्वरांच्या वर लिहितो, इनसाइडवाला खाली. फक्त पेन्सिल, पेन कधीच नाही, पार्ट बऱ्याचदा भाड्याने आलेले असतात. कुणी चुकलं तर त्याच्याकडे वळून बघायचं नाही, अगदी मान सुद्धा नाही. आजच्या सोलोइस्टचा कॉन्चेर्तो स्टेजवर वॉर्म-अप म्हणून वाजवायचा नाही, हे सांगावं लागतं यावर विश्वास बसत नाही पण दर वर्षी कुणीतरी नवीन येऊन वाजवतंच. अत्तर नको. पान उलटताना इनसाइडने दोन बार आधी वाजवणं सोडायचं, आउटसाइडने चालू ठेवायचं.

पायरी 5: पुढे सरकायचं असेल तर

कॉन्सर्टमास्टरची जागा क्वचित निघते. ग्लेन डिक्टेरो न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये 1980 ते 2014 त्या खुर्चीत होता. व्हिएन्नात रायनर क्युश्ल 1971 मध्ये विशीतच कॉन्सर्टमास्टर झाला आणि 2016 पर्यंत राहिला. म्हणून बहुतेकांचा रस्ता छोट्या ऑर्केस्ट्राच्या पहिल्या खुर्चीतून किंवा मोठ्याच्या असिस्टंट, असोसिएट जागेवरून जातो. ऑडिशनच्या यादीत सोलो वाढतात, आणि मग गेस्ट म्हणून एक-दोन आठवडे ऑर्केस्ट्रा सांभाळायला बोलावतात. त्या आठवड्यात तुमचे सोलो कसे झाले यापेक्षा सेकंड व्हायोलिनचे लोक तुमच्याबरोबर सहज आले का याचीच चर्चा जास्त होते.

कॉन्सर्टमास्टरचं पहिलं काम बोइंग, विमानाचं नाही, बो वर की खाली ते. रिहर्सलच्या कितीतरी आधी कॉन्सर्टमास्टर फर्स्ट व्हायोलिनच्या पार्टवर खुणा करतो, तो सेकंड, व्हायोला, चेलो यांच्या प्रिन्सिपलकडे (गटप्रमुखाकडे) जातो, ते आपापलं जुळवतात, मग लायब्ररियन सगळ्या पार्टवर उतरवतो. उदाहरण घ्या. पाच स्वरांची वाढत जाणारी ओळ, सहावा जोरदार आघात. पहिला स्वर डाउन-बोने (बो खाली ओढत) सुरू केला तर एकाआड एक जाऊन सहावा अप-बोवर येतो, आणि नेमका जिथे वजन हवं तिथे बो उलट्या दिशेला. मग एकतर पहिला अप-बोने घ्या, किंवा मधले दोन एकाच बोमध्ये जोडा. जोडले तर ओळ गुळगुळीत होते, बासरीवाला तीच ओळ तुटक वाजवत असेल तर दोघांचं जमणार नाही, म्हणून मग अप-बोने सुरुवात, पण हळू आवाजात अप-बोची सुरुवात सोळा जणांना एकत्र जमेल का, टोकापासून घ्यायची का... एका ओळीवर असा अर्धा तास जातो. आणि रिहर्सलला कंडक्टर म्हणतो की मला हे सगळं एकाच श्वासात हवंय, की खोडा.

रिहर्सलमध्ये बोइंग बदललं की ते कुजबुजत एका डेस्कवरून मागच्या डेस्कवर जातं. शेवटच्या डेस्कपर्यंत पोचेपर्यंत कधीकधी त्याचं भलतंच झालेलं असतं. मी स्वतः मागे होते तेव्हा याचा राग यायचा, म्हणून आता बदल केला की बो हवेत उचलून सगळ्यांना दिसेल असा एकदा करून दाखवते.

दुसरं काम अंगाने बोलणं. यासाठी एक व्यायाम आहे, मला तो सगळ्यात जास्त उपयोगी पडला. एका मैत्रिणीला तुमच्या मागे तीन मीटरवर बसवा, तिला फक्त तुमची पाठ दिसली पाहिजे. मोजून द्यायचं नाही, जोरात श्वास ओढायचा नाही. एक मात्रा आधी त्याच लयीत श्वास घ्या, व्हायोलिनचा शेंडा किंचित उचला आणि वाजवा. ती बरोबर तुमच्याबरोबर आली पाहिजे. आधी जोरकस सुरुवात, मग हळू, मग पिझिकाटो (बोटाने तार छेडणं), तो सगळ्यात अवघड कारण बो दिसत नाही. आली नाही तर चूक तिची नाही, तुमची. नवीन लोक उलट टोक गाठतात, पूर्ण धड हलवत बसतात, दर मात्रेला खूण, मग खरी खूण कुठली हे मागच्याला कळेनासं होतं. जिथे गरज आहे तिथेच हला. कंडक्टर हरवला तर, आणि हरवतात हो, मोठं काही करायचं नाही, फक्त समेचा बो नेहमीपेक्षा थोडा जास्त लांब आणि थोडा जास्त स्पष्ट, एवढ्यावर सगळे गोळा होतात.

तिसरं, सोलो. रिम्स्की-कोर्साकोवची शेहेराझाद, श्ट्राउसचं हेल्डनलेबन, ब्राम्सच्या पहिल्या सिम्फनीची दुसरी मूव्हमेंट, बेथोवनच्या मिसा सोलेम्निसचं बेनेडिक्टुस, बाखच्या मॅथ्यू पॅशनमधलं एर्बार्मे डिश, चायकोव्स्कीचं स्वान लेक, हे कायम तयार पाहिजे. सेंसाँच्या दान्स माकाब्रमध्ये ई तार अर्धा स्वर उतरवायची असते आणि माहलरच्या चौथ्यात दुसऱ्या मूव्हमेंटला व्हायोलिन पूर्ण एक स्वर वर लावलेलं लागतं, म्हणजे शेजारी दुसरं वाद्य तयार ठेवायचं, आणि ते आदल्या दिवसापासून चढवून ठेवा, ऐन वेळी चढवलेल्या तारा सरकतात. रियाज बसून करा, उभं राहून नाही. आणि पुन्हा तेच, थंड हाताने. शेहेराझादच्या शेवटी तो अगदी वरचा सूर धरून ठेवायचा असतो, बो संपत आलेला, कंडक्टर डोळे मिटून उभा, आणि हॉलमधला कुणी खोकतसुद्धा नाही. घरी तो सूर दुप्पट वेळ धरायची सवय करा.

चौथं म्हणजे माणसं. सेक्शनची तक्रार कंडक्टरपर्यंत ब्रेकमध्ये, खाजगीत न्यायची. रिहर्सलमध्ये प्रश्न विचारायचा तो सगळ्यांच्या वतीने, आणि थोडक्यात. टाळ्यांच्या वेळी कंडक्टर उभं राहा म्हणतो तेव्हा सगळे आधी कॉन्सर्टमास्टरकडे बघतात. कधी कार्यक्रम फार सुंदर झाला तर तो मुद्दाम बसून राहतो, मग कुणीच उठत नाही आणि ती टाळी एकट्या कंडक्टरची होते.

शरीर, कान, वाद्य

1987 मध्ये अमेरिकेतल्या 48 ऑर्केस्ट्रांची पाहणी झाली, 2,000 हून जास्त वादकांची, त्यात 76 टक्क्यांनी वाजवण्यावर परिणाम करणारा निदान एक गंभीर त्रास सांगितला. तिकडच्या मोठ्या ऑर्केस्ट्रांत आठवड्याला आठ सर्व्हिसेस ही नेहमीची गोष्ट, सर्व्हिस म्हणजे एक रिहर्सल किंवा एक कॉन्सर्ट, साधारण अडीच तास, आणि घरचा रियाज वेगळा. दुखायला लागलं तर त्याच आठवड्यात दाखवा, सीझन संपल्यावर नाही. डावा कान वाद्याला चिकटलेला असतो, मागे ट्रम्पेट, तेव्हा वादकांसाठीचे फिल्टरवाले इअरप्लग पहिल्या पगारातून घ्या आणि सुरुवातीला फक्त डाव्या कानात घालून सवय करा.

वाद्यापेक्षा आधी बो चांगला घ्या. बोच्या उलट्या लाकडाने तारा ठोकायच्या असतील, बर्लिओझच्या सिम्फनी फँटास्टिकसारख्या ठिकाणी, तर जुना स्वस्त बो वेगळा ठेवा. दौऱ्यावर जाताना बोची कागदपत्रं बघा, पर्नाम्बुको लाकूड 2007 पासून साइटीस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे आणि जुन्या बोच्या टोकाला हस्तिदंत असेल तर कस्टम्समध्ये अडकू शकतो.

आणि तार तुटली तर

हे शेवटी ठेवलंय कारण यात पुढच्या आणि मागच्या खुर्चीची गाठ पडते. सोलोइस्टची तार तुटली की तो कॉन्सर्टमास्टरचं व्हायोलिन घेतो, कॉन्सर्टमास्टर शेजाऱ्याचं घेतो, आणि तुटक्या तारेचं वाद्य हातोहात मागे जातं. 1986 मध्ये टँगलवुडला चौदा वर्षांची व्हायोलिनवादक मिदोरी बर्नस्टाइनची सेरेनेड वाजवत होती, खुद्द बर्नस्टाइन कंडक्ट करत होता, ई तार तुटली, तिने कॉन्सर्टमास्टरचं स्ट्रॅडिव्हेरियस घेतलं, थोड्या वेळाने त्याचीही ई तार तुटली, मग असोसिएटचं ग्वादान्यीनी (तेही जुन्या नामांकित कारागिराचं व्हायोलिन) घेऊन तिने संपवलं. सगळे तिचं कौतुक करतात आणि करावंच, पण मला त्यात मधल्या त्या अदलाबदलीचं कौतुक जास्त वाटतं.

माझ्या दुसऱ्या सीझनला आमच्याकडे असंच झालं. सात डेस्कांवरून एक महागडं व्हायोलिन माझ्या मांडीवर येऊन पडलं. मी वाकून विंगेत गेले, खिशातली जास्तीची ई तार काढली, चढवली, थोडी ओढून बसवली, परत सुरात लावली, आणि दोन मूव्हमेंटच्या मधल्या शांततेत ते वाद्य पुन्हा हातोहात पुढे गेलं. कॉन्सर्ट संपल्यावर कॉन्सर्टमास्टर मागे येऊन एवढंच म्हणाला, चांगली लावलीस. शेवटच्या डेस्कवर बसाल तेव्हा कोटाच्या आतल्या खिशात एक ई तार, एक ए तार आणि छोटी कात्री ठेवा.